आमचा फ्रिज आणि थोरले साडू

यंत्रांशी इतक्या अदबीनं वागणारा माणूस आमच्या थोरल्या साडूंनंतर नागपुरात झाला नाही, आणि त्यांच्या आधी झाला असेल असंही मला वाटत नाही. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत, बारशात, तेराव्यालासुद्धा ऐकवलं आहे, आणि त्यापुढे त्यांचे चार किस्से सांगून मंडळींना हसवलं आहे. एक किस्सा मात्र दर वेळी गाळला. कधी वेळ नव्हता, कधी समोर नको ते माणूस बसलेलं होतं, कधी जेवणाची पानं वाढली गेली. कारणं भरपूर मिळत गेली आणि वर्षं निघून गेली. आता माझी ऐंशी उलटली आहे. हाताला कंप आहे, पण लिहिता येतं. तेव्हा तो गाळलेला भाग आता लिहून टाकतो. बाकीचे किस्से सांगितल्याशिवाय तो समजणार नाही, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोघी बहिणी उमरेडच्या, आणि आम्ही दोघं जावईही विणकरांच्याच घरातले. फरक एवढाच, की माझ्या वडिलांनी माग मोडला, मला शाळेत घातलं आणि मी सरकारी कचेरीत पंख्याखालच्या खुर्चीपर्यंत पोचलो. साडू पंचविशीपर्यंत मागावर बसले, मग शहराबाहेर वाडी गावाला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मोठ्या वजनकाट्याची देखभाल करायला लागले. तिथेच अमरावती रोडवर दोन भाड्याच्या खोल्यांत त्यांचा संसार होता. गोदामातले ट्रकवाले त्यांना डॉक्टर म्हणत. त्यांना ते आवडत नसे. म्हणत, "डॉक्टर नाही बापा, मी नर्स आहे. दवाई कोणी बी देते, उशाशी कोण बसते?"

उशाशी बसण्याचं हे तंत्र ते अक्षरशः पाळत. बिघडलेल्या यंत्राला पहिल्या दिवशी हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता. प्रताप नगरात आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहत. त्यांचा रेडिओ बंद पडला म्हणून मी साडूंना बोलावलं. साडू आले, चपला बाहेर काढल्या, रेडिओसमोर पाट मांडून बसले, चहा घेतला, दुसऱ्यांदा चहा घेतला, रेडिओची शाळा-कॉलेजापासूनची चौकशी केली, म्हणजे कधी घेतला, आधी कुठल्या खोलीत होता, घरात कोण मोठ्यानं बोलतं, आणि उठून निघाले. मास्तर म्हणाले, "अहो, उघडून तर पाहा!" साडू म्हणाले, "गुरुजी, नवरीच्या घरी पहिल्या भेटीत कोणी माजघरात जाते काय?" दुसऱ्या दिवशी आले आणि दहा मिनिटांत रेडिओ बोलता केला. मास्तरांना रेडिओ थापड मारून चालू करायची सवय होती. ती साडूंनी बंद करवली. "तुम्ही पोरांले मारलं, ठीक आहे. याले काहून मारता?"

त्यांच्याजवळ हत्यारांची पेटी नव्हती. सदऱ्याच्या खिशात एक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, पॉलिश पेपरचा तुकडा आणि मेण लावलेल्या सुताची रीळ, एवढाच त्यांचा दवाखाना. मोटरचा आवाज ऐकायला ते घरातला पाण्याचा पेला मागून घेत आणि त्याचं तोंड यंत्राला व बूड कानाला लावून डोळे मिटत. सुटलेली वायर, तुटलेली मूठ, निखळलेला पत्रा, जे बांधता येईल ते ते सुतानं बांधत, आणि गाठ मारत ती विणकराची. मागावर धागा तुटला की ज्या गाठीनं सांधतात ती. बारीक, चपटी, फणीतून न अडकता निघून जाणारी. बोटांची एकच हालचाल दिसे आणि गाठ झालेली असे. मी त्याच घराण्यातला, पण मला ती कधी जमली नाही. लहानपणी वडिलांनी शिकवायचं टाळलं आणि मोठेपणी मी शिकायचं टाळलं.

घरच्या पंख्याला ते मे महिन्यातही दर दोन तासांनी अर्धा तास सुट्टी देत. नागपूरचा मे! बाहेर डांबर पाघळतंय आणि आत थोरली मेव्हणी, जिला आम्ही सगळे माई म्हणत असू, पदरानं वारा घेत ओरडते आहे, "त्या पंख्यासंगं लगन लावून दिलं होतं का माहं?" साडू शांतपणे घड्याळ पाहत. "दमते वं तो. तू बी बस ना जराशी."

पण सगळ्यात गमतीची सवय चिठ्ठ्यांची. यंत्र दुरुस्त झालं की ते वहीचा कपटा फाडून त्यावर काय बिघडलं, का बिघडलं आणि काय केलं हे लिहीत, आणि तो कपटा यंत्राच्या पोटात चिकटवून झाकण लावून टाकत. घरच्यांना वाचायला देत नसत. "हे पुढच्या मेकॅनिकसाठी आहे. आपल्या मागून येईल त्याले अंधारात काहून ठेवायचं?" मास्तरांच्या रेडिओतली चिठ्ठी मी चोरून वाचली होती. लिहिलं होतं, 'एक तार सुटली होती. थापडांमुळे. मालक चांगला आहे, हात जड आहे.'

आता आमच्या सासूबाई. त्यांना साखरेचा आजार, रोज इन्शुलिनचं इंजेक्शन. मुलगा नव्हता, म्हणून सासरे गेल्यावर त्या वाडीला साडूंकडे आल्या. साडूंच्या घरी फ्रिज कुठला? त्यांनी मोठ्या माठात ओली रेती भरली, त्यात छोटं मडकं बसवलं, मडक्यात बाटली ठेवली आणि वर ओलं फडकं. दिवसातून तीनदा स्वतः पाणी शिंपडत. गोदामातून जेवायला आले की हात धुवायच्या आधी माठाला हात लावून पाहत. अशी दोन वर्षं काढली, दोन्ही उन्हाळ्यांसकट, आणि सासूबाईंची साखर कधी हाताबाहेर गेली नाही.

मग मी फ्रिज घेतला. आमच्या गल्लीतला पहिला. पुढच्या खोलीत, दारातून दिसेल असा ठेवला, वर क्रोशाचं कापड घातलं आणि कुलपाची किल्ली जानव्याला बांधणाऱ्या माणसाच्या थाटात करगोट्याला बांधली. आठवडाभरात वाडीला जाऊन सासूबाईंना घेऊन आलो. म्हटलं, "आई, माठ-बीठ पुरे झाला. शहरात राहतो आपण." सासूबाई निघताना माठाकडे पाहत होत्या. साडूंनी मडक्यातली बाटली काढून रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "साडूभाऊ, इले गरमी चालत नाही, तसं लई थंड बी चालत नाही, बरं का."

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर फ्रिज थांबेचना. सारखा घरघरत राही, भाजी कडक होई. मी साडूंना बोलावलं. पहिला दिवस चहा. दुसऱ्या दिवशी त्यांनी आतल्या बटणामागची डबी उघडली. "हा थर्मोस्टॅट. फ्रिजचा मुकादम. थंडी पुरेशी झाली की मोटरले थांब म्हणते, कमी झाली की चल म्हणते." त्या डबीतून एक तांब्याची बारीक नळी निघून बर्फाच्या कप्प्याला टेकलेली असते. थंडी किती ते त्या नळीच्या टोकाला समजतं. टोक धरून ठेवणारी पट्टी गंजून तुटली होती आणि टोक हवेत लोंबत होतं. "मुकादम बाहेर उन्हात उभा आहे आन् आतल्या मजुरांले म्हणून राहिला, अजून काम करा, अजून करा. त्याले का माहीत आत का चाललं?" त्यांनी टोक पुन्हा कप्प्याला टेकवलं, मेणाच्या सुतानं दोन ठिकाणी बांधलं, चिठ्ठी चिकटवली. मग दिवसभर मनगटी घड्याळ घेऊन समोर बसले. दहा मिनिटं चाले, पंधरा मिनिटं थांबे. संध्याकाळी समाधानानं उठले आणि सगळ्यांना एकच सूचना दिली. "बर्फ खरवडायचा नाही. बटण बंद करा, दार उघडं ठेवा, आपोआप गळते. घाई नाही करायची."

गल्लीत बातमी पसरली. कोणाची इस्त्री, कोणाचा पंखा, कोणाचा कूलर, साडूंकडे रांग लागली. मी खूश होऊन त्यांना म्हणालो, "गोदाम सोडा. माझी रस्त्याकडची खोली रिकामीच आहे. तिथे दुकान टाका." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दुकानाच्या पाटीसाठी त्यांनी एक जुनी फळी घासून गुळगुळीत करायला घेतली. दर रविवारी मला तिच्यावरून हात फिरवायला लावत. "पाहा, कुसळ लागते का?"

पुढचं मी गाळत आलो ते हे.

मेच्या मध्यावर आमचे साहेब घरी येणार होते. मला बढती हवी होती आणि त्यांना पन्ह्यात बर्फ. ऐन वेळी बर्फाचा ट्रे कप्प्याला घट्ट चिकटून बसला. बाहेर स्कूटरचा आवाज. साडूंचं वाक्य मला आठवलं, अगदी त्यांच्या आवाजात आठवलं. तरी मी स्वयंपाकघरातून उलथणं आणलं आणि ट्रेखाली घालून जोर लावला. ट्रे निघाला. त्याबरोबर सूत तटकन तुटलं आणि नळीचं टोक बाहेर लोंबलं. मी ते बोटानं कडेला ढकललं, दार लावलं, पन्हं घेऊन बाहेर गेलो. साहेब दोन ग्लास प्याले. मी नळी विसरलो.

दोन दिवसांनी इन्शुलिनची बाटली गोठलेली सापडली. तेव्हा आम्हाला अक्कल नव्हती. बायकोनं ती तळहातात धरून पातळ केली आणि रोजच्यासारखं इंजेक्शन दिलं. पाचव्या दिवशी सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या, त्या ग्लानीत गेल्या. टांग्यातून धंतोलीच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, गोठलेलं औषध म्हणजे नुसतं पाणी. मग सहज विचारलं, "फ्रिजला काय झालं होतं?"

व्हरांड्यात आम्ही सगळे उभे होतो. माई रडत होती. साडू गोदामातून तसेच धावत आलेले, अंगावर वंगणाचे कपडे. मी म्हणालो, "यांनी मागच्या महिन्यात थर्मोस्टॅट उघडला होता."

वाक्य खरं होतं. एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते इतकं सोपं गेलं.

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. माई म्हणाली, "काहून हात घालता तुम्ही जिथं तिथं?" साडू म्हणाले, "मेण कमी पडलं असन." आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसले. तीन दिवस तिथेच होते. सासूबाई शुद्धीवर आल्याचं पहिल्यांदा त्यांनीच पाहिलं.

त्या तीन दिवसांत एका दुपारी मी घरी येऊन बायकोच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला आणि नळी जागेवर बांधली. विणकराची गाठ येत नव्हती, म्हणून एकावर एक मारता येतील तेवढ्या साध्या गाठी मारल्या. कंपनीचा मेकॅनिक आला, त्यानं बाहेरून पाहिलं आणि फ्रिज ठणठणीत असल्याचं सांगून गेला.

सासूबाई घरी आल्या आणि त्यांनी जाहीर केलं, "मोठ्या जवायानं फ्रिज पाहिल्याशिवाय मी त्यातली दवाई घेणार नाही." बायको कुरकुरली. सासूबाई म्हणाल्या, "दोन वर्सं त्यानं माठात सांभाळली, एक दिवस नासली नाही. तुमच्या पेटीनं एका वर्सात मले धंतोली दाखवली." साडूंना बोलावणं गेलं. ते आले तेव्हा दारातच थबकले, पाहुण्यासारखे. या वेळी पहिल्या दिवसाचा चहा नव्हता. दार उघडलं आणि मला म्हणाले, "साडूभाऊ, टॉर्च धरा."

मी धरला. माझी बायको, माई, सासूबाई, शेजारचे मास्तर, सगळे मागे उभे. साडूंनी ट्रे काढला, मान आत घातली आणि तशीच ठेवली. मला तो पांढऱ्या गाठींचा गठ्ठा दिसत होता. त्यांनी त्यावरून हळूच बोट फिरवलं, फळीवरून फिरवत तसं. विणकराच्या घरात अशी गाठ लहान मूलही मारत नाही.

"टॉर्च हालून राहिला, साडूभाऊ," ते म्हणाले. एवढंच. आवाजात राग नव्हता. मी दुसऱ्या हातानं टॉर्च धरला.

"का सापडलं जी?" मास्तरांनी विचारलं.

साडूंनी मान बाहेर काढली. "माहीच गाठ ढिली होती, गुरुजी. आता पक्की करतो."

त्यांनी माझ्या गाठी पेचकसानं एकेक सोडवल्या, कापल्या नाहीत. मग आपलं सूत बांधलं. चिठ्ठी लिहिली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घेऊन, आणि डबीत चिकटवली. सासूबाईंना म्हणाले, "आता घ्या, मामी. मी पाहिलं." त्या फ्रिजनं पुढे बारा वर्षं औषध सांभाळलं आणि सासूबाईंनी तिथून पुढे नातींची लग्नं पाहिली.

गल्लीतली रांग मात्र संपली. ज्यांच्या हातून सासू दगावता दगावता राहिली, त्यांच्याकडे इस्त्री कोण देणार? रस्त्याकडच्या खोलीचं मी पुन्हा नाव काढलं नाही. त्यांनीही नाही. ती फळी त्यांनी वाडीला नेली आणि सात-आठ वर्षांनी ट्रकांच्या धुळीत, टपरीएवढ्या जागेत, तिच्यावर नाव रंगवून दुकान टाकलं. चांगलं चाललं. अमरावती रोडवरचे ड्रायव्हर पहिल्या दिवशी नुसता चहा पिऊन परत जायलाही शिकले.

मी त्या दुकानात किती वेळा गेलो असेन! दर वेळी घरून वाक्य पाठ करून. एकदा संत्री घेऊन गेलो, एकदा नुसता रिकाम्या हातांनी, म्हणजे बोलण्याशिवाय गत्यंतर राहू नये. मी घसा खाकरला की ते एखाद्या मोटरीतून मान वर न काढता म्हणत, "आले काय? बरं झालं. टॉर्च धरा." मी टॉर्च धरायचा. मोटर चालू व्हायची. ते पेला कानाला लावून मलाही ऐकवायचे, "पाहा, कशी मजेत चालून राहिली." अशा वेळी काय बोलणार? त्या दुकानात सगळं दुरुस्त होत होतं आणि मलाही वाटायचं, पुढच्या वेळी. खरं सांगतो, तिथून परतताना मला नेहमी बरं वाटायचं. तेही माझ्या अंगाशी आलं, बोलणं लांबतच गेलं.

ऐंशीचं दशक संपता संपता फ्रिज भंगारात काढला. नेणारा माणूस दारात थांबलेला असताना मी डबी उघडली. दोन चिठ्ठ्या होत्या, एकावर एक. वरची पिवळी पडली होती, अक्षर स्वच्छ होतं. 'नळी उपटली गेली होती. कोणीतरी परत बांधली, गाठी सतरा. मागून येणाऱ्या मेकॅनिकनं त्या माणसाला काही विचारू नये. घाबरला होता. नळी ठीक बसली आहे. माणूसही बसेल.'

मी तसाच बस पकडून वाडीला गेलो. चिठ्ठी खिशात होती. दुकानात साडू स्टुलावर बसले होते, थकलेले, आणि त्यांची मुलगी नंदा एका कूलरची मोटर उघडत होती. गाठी तिलाच येत. मला पाहून साडू हसले. "या. हिले टॉर्च धरा जरा. माहा हात आता हालते." मी टॉर्च धरला. त्या दिवशी माझा हात हलला नाही, आणि तेही त्यांनी पाहिलं. पेला पुढे करून म्हणाले, "ऐका."

त्या पावसाळ्यात ते गेले.

दुकान अजून आहे. पाटी तीच, रंग नवा. परवापासून आमचा आताचा फ्रिज थांबेना, म्हणून काल नंदा आली. तिच्याही केसांत आता पांढरं आहे. तिनं चपला बाहेर काढल्या, खुर्ची ओढून फ्रिजसमोर बसली आणि चहा मागितला. आज येऊन उघडला. मी टॉर्च धरला. तिनं नळी बसवली, खिशातून सुताची रीळ काढली, बोटांची तीच एक हालचाल केली. मग कपटा फाडून लिहायला लागली.

"नंदा," मी म्हणालो, "मलाही एक कपटा दे. तुझ्या चिठ्ठीखाली चिकटव."

"तुम्ही का लिहिता, काका?"

"मागून येईल त्याच्यासाठी."

तिनं दिला. मी पेन घेतलं. जागा थोडी होती, हात हलत होता, आणि इतक्या वर्षांची पाठ केलेली सगळी वाक्यं मी विसरलो होतो. तो कोरा कपटा अजून माझ्याजवळच आहे. तिला म्हणालो, उद्या ये, मग चिकटव. उद्या ती येईल. तोपर्यंत त्यावर एवढं लिहून ठेवतो.

साडूभाऊ, गाठ तुमची ढिली नव्हती. उलथणं माझ्या हातात होतं. माफ करा.